चिनी लोक अफूच्या युद्धाबद्दल काल घडल्यासारखं का बोलतात?

डोंबिवली_फास्ट
ऑफिसात शांघायची एक टीम आहे आमच्यासोबत, त्यातल्या एकाशी बरी गट्टी जमलीय. परवा कॉल संपल्यावर हाँगकाँगचा विषय निघाला, मी सहज बोललो ब्रिटिशांनी शहर तरी झक्कास वसवलं, तर गडी गप्पच झाला आणि मग अफूयुद्ध, नानकिंगचा तह धडाधड सुरू, जणू आजोबांच्या डोळ्यांदेखत झालंय. लुटलं तर आपल्यालाही की, पण आपण त्यांच्याशी मजेत क्रिकेट खेळतो. आणि हाच माणूस स्वतःच्या सरकारबद्दल म्हणतो, वर कोणीतरी घट्ट धरून ठेवणारा हवाच. हे कोडं काय आहे?

मोडीवाचक
कोडं नाहीये, त्यांच्याकडे बाहेरचं आणि घरातलं, दोन्ही संकटं एकदमच आली. चीनने अफू अडवली म्हणून इंग्रजांनी युद्ध केलं, आणि हरल्यावर १८४२ च्या नानकिंगच्या तहात हाँगकाँग गेलं, पाच बंदरं उघडावी लागली, वर २ कोटी १० लाख चांदीचे डॉलर भरले. १८६० ला इंग्रज-फ्रेंचांनी बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन, म्हणजे बादशहाचे महाल आणि बागा, लुटला आणि मग इंग्रजांनी तो जाळला. पण याच काळात घरात ताइपिंगचं बंड पेटलेलं, १८५० ते १८६४, त्यात २ कोटींच्या आसपास माणसं गेली असा अंदाज आहे. पुढे १९१२ ला बादशाही संपली तर प्रांतोप्रांती लष्करी सरदार माजले आणि मग जपान चढून आला. म्हणजे घर फुटलं की बाहेरचा घुसतो, हे पक्कं डोक्यात बसलं. त्यांचा 'लुआन' शब्द आहे, आपण 'मोगलाई माजलीय' म्हणतो ना तसाच, फक्त आपण ते हसत म्हणतो.

उलटतपासणी
थोडं थांबा. इतिहास आपोआप आठवत नाही, आठवून दिला जातो. माओच्या काळात जोर जास्त वर्गलढ्यावर आणि विजयावर होता, हे 'अपमानाचं शतक', म्हणजे अफूयुद्धापासून जपानपर्यंतचा सगळा काळ, शाळाशाळांत जोरात शिकवायला लागले ते १९८९ ला तियानानमेन चौकातलं विद्यार्थ्यांचं आंदोलन चिरडल्यानंतर. आणि तैवानवाल्यांच्याही पाठीशी यातला बराच इतिहास आहे, ते १९९६ पासून मत देऊन राष्ट्राध्यक्ष निवडतायत. शिवाय जुनी 'तियानमिंग'ची कल्पना बघा, राज्य म्हणजे आभाळाने दिलेला हुकूम, बादशहा नालायक निघाला, पूर-दुष्काळ आले की तो हुकूम काढून घेतला असं समजायचे. म्हणजे सत्तेपुढे कायम मान तुकवा असं काही त्यात नाही, तिथे बंडंही याच नावाने झालीत.

भायखळा_बस
पण 'आपल्यालाही लुटलं' एवढं सांगून सुटका नाही हां आपली. ती अफू आली कुठून? बंगालची कलकत्त्याहून आणि माळव्याची आपल्या मुंबई बंदरातून. ज्यांच्या नावाचं जेजे हॉस्पिटल, त्या पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉयांच्या कमाईत त्या धंद्याचा मोठा वाटा होता. १९०० ला बीजिंगात घुसलेल्या ब्रिटिश फौजेत शीख आणि राजपूत शिपाई होते, आणि शांघायच्या रस्त्यावर दांडका घेऊन उभा असायचा तो शीख पोलीस, त्याला तिथे लाल फेट्यावरून 'लाल डोक्याचा आ-सान' म्हणून चिडवायचे. त्यांच्या आठवणीत आपण इंग्रजांच्या बाजूला उभे आहोत भाऊ.

डोंबिवली_फास्ट
बापरे, माझा जन्मच जेजे हॉस्पिटलचा. आता हे त्याला सांगू की नको?

मोडीवाचक
सांग की, पण जोडीला डॉ. कोटणीसांचंही सांग. सोलापूरचा माणूस, १९३८ ला जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेला आणि १९४२ ला तिथेच वारला. 'के दिहुआ' म्हण, त्यांचं चिनी नाव ते.