आईचा हात सुजला, लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज करावा का?

आर्णीची लेक
आईचं वय ६१. दोन वर्षांआधी डाव्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. दिवाळीपासून डावा हात सुजून राहिला. हिरव्या बांगड्या वाढवाव्या लागल्या तेव्हा माय ढसाढसा रडली. शेजारची आजी म्हणते, जवसाचं तेल कोमट करून रगड. यवतमाळच्या एका पार्लरवाले या मसाजचं पॅकेज सांगतात, शरीरातली घाण निघते म्हणे. कापसाचे पैसे आताच हाती आलेत. करू का?

हिंगणघाटची काकू
बाई, रगडू नको. माझा उजवा हात सहा वर्षांपासून असाच आहे, म्हणून कळकळीनं सांगते. आधी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरले दाखव. नवी सूज आजार परतल्यामुळे किंवा शिरेत रक्ताची गुठळी झाल्यामुळेही येऊ शकते. ते नाही हे ठरेपर्यंत मसाज नकोच.

घाण निघते हे खोटं. ते काम लिव्हर न् किडनीचं. इथं साचते ते लसिकेचं, म्हणजे लिम्फचं पाणी. काखेतल्या गाठी म्हणजे त्याचा पाट, तो बुजला की पाणी हातात मुरते. म्हणून फिजिओथेरपिस्ट सुजेपासून सुरुवात करत नाही. आधी पोटातून खोल श्वास, मग मान, चांगल्या बाजूची काख, छाती, त्यानंतर दंड, आणि मनगट सगळ्यात शेवटी. पुढचा दांड मोकळा नसला तर मागचं पाणी ढकलून जाईल कुठं? दाब म्हणशील तर तान्ह्या लेकराच्या गालावरून हात फिरवावा तेवढाच. तेल नाही, कातडी फक्त सरकली पाहिजे. लसिकेच्या नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, जोर लावला की दबतात.

पण नुसत्या मसाजवर माझा हात कधीच उतरला नाही. वरून पट्टी न् नंतर मापाची घट्ट बाही, रोजचा व्यायाम, हे सगळं मिळून फरक पडला. पट्टी बांधणं त्यांच्याकडूनच शिक. मी पहिल्यांदा मनानं साधी क्रेप बँडेज आवळून बांधली, तर बोटं टम्म फुगली होती.

आणि कापूस वेचायले पाठवू नको. बोंडाचं टोक लागून माझा हात एका रात्रीत लाल न् गरम झाला, थंडी वाजून ताप चढला. तसं झालं तर मसाज बंद, त्याच दिवशी डॉक्टर. सुई न् बीपीचा पट्टाही दुसऱ्याच हाताले.

आशाताई, भंडारा
काकूंचं बरोबर आहे. आमच्याकडे हत्तीपायाचे रुग्ण आहेत, त्यांनाही आम्ही आधी स्वच्छता शिकवतो: साबणानं पाय धुणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं, पाय उंचावर ठेवणं. तुमच्या आईच्या हातालाही तेच लागू. दोन्ही पाय सुजत असतील तर मात्र हृदय, किडनी आणि हिमोग्लोबिन तपासा. हृदय कमजोर असलेल्यांनी हा मसाज डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नये.

आर्णीची लेक
काकू, आत्ताच शिंप्याच्या टेपनं मोजलं. कोपराखाली चार बोटांवर डावा २८ सेंटिमीटर, उजवा २४. सोमवारी नागपूरची गाडी धरतो. पार्लरवाल्यांले नाही म्हणून कळवलं.

हिंगणघाटची काकू
माप त्याच जागी, त्याच वेळी, दर आठवड्याले वहीत लिहून ठेव. आणि जाताना ऑपरेशनची फाईल विसरू नको.