किलार्नीची तळी: आई-बाबांना उघड्या बोटीतून न्यावं का?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही डब्लिनला असतो, जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येताहेत. डब्लिनजवळच्या ग्लेंडालॉखची दोन तळी पाहून एका दिवसात परत येता येतं, त्यामुळे तिथलं ठरलंच आहे. प्रश्न आयर्लंडच्या नैऋत्येकडच्या किलार्नीचा आहे.

रॉस कॅसलपासून उघडी मोटरबोट लॉख लेन, मकरॉस आणि अप्पर लेक अशी तिन्ही तळी पार करत लॉर्ड ब्रँडन्स कॉटेजला सोडते. पुढे गॅप ऑफ डनलोच्या खिंडीतून साधारण ११ किलोमीटर चालायचं किंवा टांग्यानं जायचं. बाबा चालतील (आमच्याही पुढे!), पण आईचे गुडघे दुखतात. पाणी कमी असलं की वाटेतल्या ओल्ड वेअर ब्रिज या जुन्या पुलापाशी बोटीतून उतरून थोडं चालावं लागतं म्हणे. तिथली वाट कशी आहे? बोटीत चढ-उतार जमेल का? टांगा आधी ठरवावा लागतो की तिथे मिळतो?

की हे सगळं सोडून मकरॉस तळ्याकाठी टांग्यातून निवांत फिरावं? मला तेच बरं वाटतंय, पण बाबा बोटीवर अडून बसलेत. पाऊस येणारच, हे गृहीत धरलंय. ज्येष्ठांना घेऊन कुणी गेलं असेल तर कृपया सांगा.