दाब ओळखणारा कीबोर्ड: पेटंट द्यावं, की ‘हे कुणालाही सुचलं असतं’?

परळकर: समजा, कळ किती जोरात दाबली हे ओळखणारा कीबोर्ड कुणी काढला. हलकं दाबलं तर लहान अक्षर, जोरात दाबलं तर कॅपिटल. पेटंट ऑफिसच्या कंट्रोलरने ‘यात नवं काय?’ म्हणून अर्ज फेटाळला. पेटंटचं अपील मंडळ २०२१ मध्ये बंद झाल्यामुळे आता प्रकरण हायकोर्टात. मी म्हणतो, तिथेही फेटाळा. आमच्या टायपिंग क्लासात तीन कार्बन लावले की सर ओरडायचे, “जोरात मार, खालची प्रत उठत नाही!” आणि पूर्णविराम जोरात मारला की कागदाला भोक. कळीवरचा जोर टायपिस्टला नवा नाही.

पेटीवाला: अहो, जोराने अक्षर गडद व्हायचं, बदलायचं नाही. ‘क’ हाणला म्हणून ‘ख’ उमटला का कधी? माझ्या पेटीचा सूर बोट मोडेपर्यंत दाबा, आवाज भात्यावरच.

परळकर: पेटी सोडा, सिंथेसायझर घ्या. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये दाबून धरलेल्या कळीवर आणखी जोर दिला की सूर थरथरवता यायचा. तोच सेन्सर उचलून इकडे लावला. याला शोध म्हणायचं?

अँटॉप हिल: रोज पेटंटचेच अर्ज लिहितो, म्हणून बोलतो. परळकरांच्या बाजूने अमेरिकेचा २००७ चा केएसआर निकाल आहे. गाडीच्या सरकत्या पेडलला इलेक्ट्रॉनिक सेन्सर जोडला होता. तिथल्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं, हे उघडच होतं, म्हणजे सहज सुचण्यासारखं; पेटंट नाही. पण तिथे गाड्यांचा सगळा धंदाच इलेक्ट्रॉनिक पेडलकडे वळला होता, सेन्सर कुठेतरी बसवायचाच होता. कीबोर्ड बनवणाऱ्याने सिंथेसायझर उघडून बघावा, असं कारण कोणतं? एकदा वस्तू समोर आली की सगळ्यांनाच ती सोपी वाटते.

आणि परळकर, क्लासात ए-एस-डी-एफ गिरवताना तुमचा ‘ए’ कायम फिका यायचा ना? डाव्या करंगळीत जोरच नसतो. सगळ्या कळींना एकच माप लावलं तर तो ‘ए’ कधी कॅपिटल होणारच नाही. प्रत्येक बोटाचा जोर वेगळा धरणारी रचना अर्जात असेल तर मी भांडेन. नुसतं ‘दाब मोजतो’ असेल तर फी वाया.

परळकर: फिका यायचा, खरंय. पण बोटागणिक माप हे सॉफ्टवेअरच झालं की! पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये नुसत्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमला पेटंट नाही.

अँटॉप हिल: नुसत्या प्रोग्रॅमला नाही. इथे कळीखाली सेन्सर आहे. तो ‘नुसता’ शब्द विसरू नका, आमचं पोट त्यावरच चालतं.

पेटीवाला: मला तर कॅपिटलसाठी शिफ्टच बरी. रागात टाईप केलं तर सगळं पत्र कॅपिटलमध्ये जाईल.