रिझर्व्हवरच्या नव्या वैमानिकाला बेसच्या गावात राहण्याची सक्ती असावी का?

गगनविहारी :
अमेरिकेतील रिजनल, म्हणजे जवळच्या मार्गांवर लहान विमाने चालवणाऱ्या, विमानकंपनीत नव्याने लागलेला फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) ज्येष्ठताक्रमात तळाशी असतो, त्यामुळे त्याला पक्के वेळापत्रक न मिळता रिझर्व्ह मिळते, म्हणजे गरज पडल्यास बोलावले जाईल म्हणून तयार राहावे लागते. त्यातल्या शॉर्ट कॉलवर, म्हणजे ऐनवेळच्या बोलावण्याच्या पाळीवर, असताना फोन आला की सहसा दोन तासांच्या आत विमानतळावर हजर व्हावे लागते. असे असूनही कित्येक जण दुसऱ्या राज्यात घर ठेवतात, विमानातील रिकाम्या जागेवर बसून बेस, म्हणजे कंपनीने नेमून दिलेला कामाचा विमानतळ, गाठतात आणि क्रॅश पॅडवर, म्हणजे अनेकांनी मिळून भाड्याने घेतलेल्या जागेत, पाठ टेकतात. १२ फेब्रुवारी २००९ रोजी बफेलोजवळ कोसळलेल्या कोलगन एअरच्या ३४०७ या विमानाची फर्स्ट ऑफिसर आदली रात्र सिएटलहून नेवार्कच्या प्रवासात घालवून कामावर आली होती. त्या अपघातात ५० माणसे गेली. रिझर्व्ह संपेपर्यंत बेसच्या गावात राहण्याची सक्ती असावी, असे माझे मत आहे.

उत्तरायण :
उदाहरण अर्धेच सांगितलेत. चौकशीत मुख्य कारण ठरले ते स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल हरपण्याच्या, इशाऱ्यावर कॅप्टनने केलेली चुकीची कृती. दोघांवर थकव्याचा परिणाम झाला असावा, पण तो किती, हे निश्चित सांगता येत नाही, असेही तिथे नमूद आहे. शिवाय बेस ठरवते कंपनी, आणि तो बंदही करते तीच. काही महिन्यांच्या रिझर्व्हसाठी नोकरी करणारा जोडीदार आणि शाळेतील मुले यांना हलवायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सामान बांधायचे?

गगनविहारी :
पगार तुटपुंजा होता तोवर हा मुद्दा मला पटत होता. २०२२मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या तिन्ही रिजनल कंपन्यांनी नव्या फर्स्ट ऑफिसरचा दर तासाला ९० डॉलरवर नेला, आणि रिझर्व्हवाल्याला उड्डाण झाले नाही तरी हमीच्या तासांचे पैसे मिळतात. प्रत्येक उड्डाणापूर्वी आपण कामास तंदुरुस्त असल्याची ग्वाही वैमानिकाला द्यावी लागते, म्हणजे जबाबदारी कायद्याने त्याच्यावरही आहेच.

उत्तरायण :
ग्वाही कागदावर ठीक आहे. पहिले वर्ष परिवीक्षेचे असते. त्या काळात ‘मी थकलो आहे, येऊ शकत नाही’ असे शेड्युलिंगला, म्हणजे पाळ्या लावणाऱ्या विभागाला, कळवायला किती जण धजावतात?

ढगाआड :
आपण दोघेही निजण्याच्या जागेवरून वाद घालत आहात. मला मात्र रिझर्व्हवर न उडण्याची चिंता अधिक वाटते. प्रशिक्षण संपल्यावर हात बसावा म्हणून १२० दिवसांत त्या विमानावर १०० तास पूर्ण करण्याचा नियम आहे. फोनची वाट पाहत बसलेल्या नवशिक्याचे तास मुद्दाम फेऱ्या दिल्याशिवाय भरत नाहीत. पहिले चार महिने त्याला वेळापत्रकात पक्क्या फेऱ्या द्याव्यात, आणि नंतर लाँग कॉलवर ठेवावे, ज्यात किमान १० तासांची विश्रांती मिळेल इतकी आगाऊ सूचना द्यावी लागते. मग तो कुठे राहतो, हा प्रश्न बराचसा गौण ठरेल.

गगनविहारी :
सूचना चांगली आहे, पण पहाटे पाचच्या विमानाचा वैमानिक तीन वाजता आजारी पडला, तर लाँग कॉलवाला काय कामाचा? तिथे शॉर्ट कॉलवरचाच कोणीतरी लागणार, आणि पंधरा वर्षे नोकरी झालेला कॅप्टन किंवा जुना फर्स्ट ऑफिसर नवशिक्यासाठी आपली ज्येष्ठता सोडून ती पाळी घेईल, असे मला वाटत नाही.