तीन चेंडू जमेनात, आणि पाच मिनिटांचा ब्रेक अर्ध्या तासाचा होतोय – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

राज्यसेवेची तयारी करतोय. सदाशिव पेठेतली अभ्यासिका, सकाळी आठ ते रात्री दहा. दुपारी तीननंतर एकच परिच्छेद चारदा वाचतो आणि हात आपोआप मोबाइलकडे जातो. म्हणून महिन्यापूर्वी मोबाइल रूमवर ठेवायला लागलो आणि ब्रेकमध्ये गच्चीत जगलिंग, म्हणजे चेंडू हवेत उडवून झेलत राहणं, सुरू केलं. खूळ डोक्यात शिरलं क्लॉड शॅननबद्दल वाचून. इन्फर्मेशन थिअरीचा (माहिती मोजण्याच्या आणि पाठवण्याच्या गणिताचा) जनक, बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेच्या कॉरिडॉरमधून एकचाकी सायकलवर बसून चेंडू झेलत जायचा! पुढे त्याने जगलिंगवर गणिती प्रमेयही मांडलं. म्हटलं, आपल्याला निदान पंचायत राज तरी लक्षात राहील.

टेनिसचे चेंडू दोनदा गच्चीवरून थेट रस्त्यावर गेले. आता जुन्या मोज्यांत मूग भरून गाठ मारलीय. पडले तरी जागचे हलत नाहीत.

अडचण अशी, की दोन चेंडू जमतात, पण तिसरा आला की मी पुढे पुढे चालत जातो आणि कठड्याला धडकतो. डावा हात तर चेंडू टाकतच नाही, उजव्याला नुसता देऊन मोकळा होतो. शिवाय ‘आता शेवटचं’ म्हणत अर्धा तास जातो. डोकं हलकं होतं हे खरं. पण याने खरंच मेंदू तल्लख होतो का? जाणकारांनी सांगावं.

– गच्चीवरचा

सागरगोटी: वयाने लहान दिसतोस, तर ‘तू’च म्हणते. डावा हात नुसता देतोय म्हणजे तू चेंडू गोल फिरवतोयस. आम्ही मुली तीन सागरगोटे असेच झेलायचो. दिसायला सोपं, पण एकाच हाताला सगळे उंच आणि भरभर उडवावे लागतात. तुला हवाय तो कॅस्केड. त्यात दोन्ही हात सारखंच काम करतात आणि चेंडूंची वाट आडव्या आठासारखी होते.

तिसरा चेंडू आठवडाभर बाजूला ठेव. दोनच घे, आणि सुरुवात डाव्याने कर. पहिला डोळ्यांच्या उंचीला पोचला की त्याच्या खालून दुसरा टाक. टाक-टाक, झेल-झेल, असं तोंडाने म्हण. नजर हाताकडे नको, वर. टाकणं सारखं झालं की झेल आपसूक हातात येतो, म्हणून सध्या पडू देत खुशाल. आणि गच्ची सोड! खाटेला गुडघे टेकवून उभा राहा. पुढे सरकता येत नाही, पडलेलं उचलायला वाकावंही लागत नाही. कठड्याशी झेलाझेली वाचून माझ्याच पोटात गोळा आला.

अर्धवट_शास्त्री: मेंदूचं सांगतो. जर्मनीतल्या रेगेन्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास 2004 साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आला होता. 24 जण, त्यातले अर्धे तीन महिने तीन चेंडू शिकले. मेंदूच्या हालचाल टिपणाऱ्या भागांतलं करडं द्रव्य (ग्रे मॅटर) वाढलेलं दिसलं, आणि सराव थांबवल्यावर पुढच्या तीन महिन्यांत बरंचसं ओसरलं. पाठांतर सुधारतं असं त्यात कुठेही नाही. 73वी घटनादुरुस्ती तुम्हालाच पाठ करावी लागणार.

डोकं हलकं का होतं, याबद्दल माझं आपलं मत: झेलताना दुसरा विचार केला की चेंडू पडतो, त्यामुळे कटऑफची काळजी करायला जागाच उरत नाही. मोबाइलवर ती सोय नाही. वेळेसाठी घड्याळ नको, नियम करा. तीनदा पडला की चेंडू बॅगेत आणि तुम्ही खुर्चीत. सध्याचं कसब बघता ब्रेक मिनिटभरात संपेल.

गच्चीवरचा: सागरगोटीताई, खाटेची युक्ती चालली! चार दिवस दोनच चेंडू केले, आज राहवलं नाही म्हणून तिसरा घेतला. सलग नऊ झेल. शास्त्रीबुवा, तीनदा पडण्याचा नियम फार क्रूर आहे, पाच केलाय. नवी भानगड: मोज्याला भोक पडलंय, अंथरुणात मूग सापडतात, आणि रूममेट विचारतो की मोड कधी येणार.

सागरगोटी: मूग आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांध, मग मोजा दुहेरी कर. धुतलेला घे रे बाबा.