टॅबलेटवरून बोलणाऱ्या नववीतल्या मुलीची स्पीच थेरपी आता कशासाठी असावी?

प्रश्न : एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. सेरेब्रल पाल्सीमुळे तिचे उच्चार घरच्यांखेरीज फारसे कोणाला कळत नाहीत, म्हणून पाचवीपासून ती टॅबलेटवरील संवादाचे अ‍ॅप वापरते. चित्रांची व शब्दांची बटणे दाबून ती वाक्य जुळवते आणि टॅबलेट ते मोठ्याने बोलतो. आठवड्यातून दोनदा आम्ही स्पीच थेरपीला जातो. तेथे मात्र अजूनही जिभेचे व ओठांचे व्यायाम करून घेतात आणि ‘मला पाणी हवे’, ‘मला भूक लागली’ हीच वाक्ये घोटून घेतात. गेल्या महिन्यात रिक्षा दारात उभी असताना तिने ‘तेच’, ‘पुन्हा’, ‘नको’ ही तीन बटणे दाबली आणि ती जागची हलली नाही.

शाळेत तर टॅबलेट दप्तरातून बाहेरच येत नाही. दहावी जवळ आल्यामुळे थेरपी बंद करावी असे घरातील काहींना वाटते, तर टॅबलेटमुळेच तिचे बोलणे मागे पडले असे सासूबाईंचे म्हणणे आहे. थेरपी चालू ठेवायची झाल्यास मी थेरपिस्टकडे नेमके काय मागावे?

उत्तर 1 : वाणी-भाषा उपचारतज्ज्ञ

ताई, आधी सासूबाईंच्या शंकेविषयी. संवाद-यंत्रामुळे मुलांचे तोंडी बोलणे खुंटते असे आजवरच्या संशोधनात आढळलेले नाही. काही मुलांचे बोलणे उलट थोडे वाढते. याउलट, आवाज न काढता केलेल्या जिभेच्या व ओठांच्या व्यायामांनी उच्चार सुधारतात, याला पुरावा अगदी तुटपुंजा आहे. मुलीने दिलेला नकार मला म्हणूनच रास्त वाटतो.

जॅनिस लाइट या संशोधिकेने 1989 मध्ये यंत्राने बोलणाऱ्या व्यक्तीला लागणारी चार कौशल्ये मांडली : भाषा येणे, यंत्र हाताळता येणे, माणसांत वावरता येणे आणि अडचण आल्यास वाट काढता येणे. तुमच्या मुलीची थेरपी पहिल्या कौशल्याच्या पहिल्या पायरीवरच थांबलेली दिसते. संभाषण सुरू करणे, मध्येच हरकत घेणे, समोरच्याचा गैरसमज झाल्यास ‘तसे नाही, पुन्हा सांगते’ म्हणणे, एखादी घटना क्रमाने सांगणे आणि न पटलेले नाकारणे ही चौदा-पंधराव्या वर्षीची खरी गरज आहे, आणि सत्रातील उद्दिष्टे याच शब्दांत लिहून मागावीत.

मराठीच्या बाबतीत एक अडचण विशेष आहे. इंग्रजीच्या साच्यावर बेतलेल्या अ‍ॅपमध्ये ‘शाळा’ आणि ‘ला’ ही बटणे ओळीने दाबली की ‘शाळाला’ असे ऐकू येते, कारण सामान्यरूप (‘शाळा’चे ‘शाळे-’) आपोआप होत नाही. क्रियापदाचे लिंगही बटण तयार करणाऱ्याने जे ठरवले असेल तेच राहते. मुलीला व्याकरण येत नाही असा शिक्षकांचा समज यातूनच होतो. तिला अक्षरे जुळवता येत असतील, तर चित्रांच्या जोडीला देवनागरी कळफलक आणि शब्द सुचवण्याची सोय आताच सुरू करावी. पूर्ण टंकलेखन जमेपर्यंत चित्रे मात्र काढून घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगतो, कारण तीच सर्वांत जास्त राहून जाते : थेरपिस्टने आणि घरच्यांनी स्वतः बोलताना त्याच टॅबलेटवरील बटणे दाबून दाखवावीत. लहान मूल वर्षभर भाषा ऐकते आणि मग बोलते. यंत्राची भाषा मात्र मुलाला कोणी वापरून दाखवत नाही. पावसाळ्यात वीज गेली आणि टॅबलेट बंद पडला तरी बोलता यावे, म्हणून नेहमीच्या शब्दांचा छापील तक्ता दप्तरात ठेवा. दोनपैकी एक सत्र शाळेतच, प्रत्यक्ष तासाला व्हावे असा आग्रहही धरा.

उत्तर 2 : माध्यमिक शिक्षक, करवीर तालुका

भाषा विषयांच्या अंतर्गत मूल्यमापनात तोंडी परीक्षा असते, ती मुलीने टॅबलेटवरून द्यावी यासाठी मुख्याध्यापकांना लेखी कळवून ठेवावे. अपंगत्वाच्या कायद्यातील (2016) कलम 17 मध्ये परीक्षापद्धतीत योग्य बदल करण्याची तरतूद आहे. दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातो, त्यामुळे प्रमाणपत्राची कामे नववीतच उरकावीत. वर्गात आम्ही एवढेच करतो की दुसऱ्या दिवशीचा एक प्रश्न विद्यार्थ्याला आदल्या दिवशी देतो, म्हणजे तो उत्तर घरून जुळवून आणतो, आणि उत्तर येईपर्यंत संपूर्ण वर्ग थांबतो.

उत्तर 3 : यंत्राने बोलणारी, वय 23, कागल

मी नववीत असताना माझ्या यंत्रात ‘मी आले’, ‘मी गेले’ अशी पुस्तकी रूपे भरलेली होती, आणि माझ्या सगळ्या मैत्रिणी आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणत. त्यांच्या घोळक्यात मी कोणा पाहुण्या बाईसारखी बोलत असे. नव्या थेरपिस्टने दोन्ही रूपांची बटणे करून दिली : एक पान सरांसाठी, एक मैत्रिणींसाठी. दुसरे पान भरायला मैत्रिणीच बसल्या, आणि त्यातले निम्मे शब्द मी घरी कधी दाखवले नाहीत. काकू, तुम्हीही तिचे ते पान पाहू नका. तिचे वाक्य अर्धे असताना ते तुम्ही पूर्ण करू नका; तुमचा अंदाज बरोबर असला तरीही करू नका.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. वाक्य पूर्ण करण्याची सवय मला आहे, हे वाचताना जाणवले. आज संध्याकाळी कोणते शब्द हवेत असे मी तिला विचारले आणि थांबले. तिने एकेक अक्षर शोधून ‘नाद खुळा’ लिहिले, मग एका मैत्रिणीचे टोपणनाव, आणि त्यानंतर टॅबलेट माझ्याकडून काढून घेतला. सोमवारच्या सत्राला ती स्वतः यादी घेऊन जाणार आहे. शाळेतील सत्रासाठी मराठीचा तास घ्यावा की मधली सुट्टी, हेही मी तिलाच विचारते.