पगाराच्या आकड्याआधी व्हिसाच्या अटी वाचा

परदेशातल्या नोकरीची ऑफर आली की पगाराला चलनाच्या दराने गुणून रुपयांत हिशेब मांडला जातो, तो फसवा आहे. कर, विमा, घरभाडं, पाळणाघर वजा जाता महिन्याला हातात काय उरतं ते बघा. घराचं डिपॉझिट आधी भरावं लागतं, पगार नंतर येतो. तीन महिन्यांचा खर्च जवळ हवाच.

त्याहून महत्त्वाचं, नोकरी गेली तर किती दिवस राहता येतं आणि जोडीदाराला काम करता येतं का, हे ऑफर स्वीकारण्याआधी लेखी विचारा. घरात बसावं लागलेल्या माणसाची घुसमट पगाराने भरून निघत नाही.

जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पदव्या यांवर निघण्याआधीच अपोस्टिल (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरलं जावं म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) करून घ्या. अपोस्टिल मान्य करणाऱ्या १९६१च्या हेग करारात नसलेल्या देशांना वकिलातीचा शिक्का लागतो. नावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टप्रमाणेच हवं, एका अक्षरावरून अर्ज अडकतो.